गोधडीचं पोट

मालवण
३० सप्टेंबर २०२३

सौ. सरला हिस,

मायन्यातच बराच वेळ गेला. 'प्रिय' लिहिलं तर माझा मलाच संशय यायला लागला, आणि 'अनेक आशीर्वाद' लिहायला मी काही तुझा सासरा नव्हे. एवढ्या संसारात तुला पत्र लिहायची पाळीच आली नव्हती. मी गल्ल्यावर, तू पडद्यामागे साड्यांना फॉल लावत. हाक मारली की काम झालं. आता तू न्यूझीलंडात. नकाशात शोधलं तर तिथे कागदच संपतो.

परवा तूच म्हणालीस, "फोनवर तुम्हीच बोलत असता. लिहून धाडा, मी निवांत वाचीन." आणि फोन अवनीच्या हातात दिलास. पाच महिन्यांची नात काय बोलणार? तिने फोन चोखला. मी तेही ऐकत राहिलो.

चतुर्थी झाली. गौरजाच्या बाळंतपणाला निघालीस तेव्हा 'चतुर्थीच्या आत येते' म्हणाली होतीस, म्हणून मी जरा गाफील राहिलो. नैवेद्याचे मोदक शेवटी मीच वळले. कळ्या पडेनात, तेव्हा गाठोडं बांधतात तसे बांधले. शेजारची तेरेझा डोकावून गेली. "मोरूभाव, हे मोदक काय बटाटवडे?" गणपतीने मात्र तक्रार केली नाही.

भजनाला आलेला प्रत्येक जण विचारत होता, "वयनी खंय?" मी म्हटलं, तिकीट गावला नाय. तिकीट काय कणकवलीच्या एस.टी.चं आहे न मिळायला, असं कोणी म्हणालं नाही. गावात तेवढी माणुसकी शिल्लक आहे.

'पुढच्या चतुर्थीला तरी?' असं मी विचारलं, तेव्हा तू म्हणालीस, "बघूया."

सरला, माझे कान या दुकानात तयार झाले. गिऱ्हाईक 'महाग आहे' म्हणालं तर ते घेणार. 'दुसरा रंग दाखवा' म्हणालं तर नक्की घेणार. आणि 'बघूया' म्हणून पायरी उतरलं तर त्याची पाठ पाहून घ्यायची. पण हा नियम गिऱ्हाइकांचा. तू काही गिऱ्हाईक नव्हेस, म्हणून मी ते मनावर घेतलेलं नाही.

आता धंद्याची गोष्ट. अवनीच्या अंगावरची तुझी गोधडी पाहून गौरजाच्या शेजारणीने 'ही कुठे विकत मिळते' असं विचारलं म्हणे. गौरजाने सहज सांगितलं, मी सहज ऐकलं नाही. तू दुकानाच्या कटपिसांतून आणि जुन्या साड्यांतून शिवून ठेवलेल्या गोधड्या माळ्यावरच्या ट्रंकेत पडून आहेत. इथे त्या कोणी फुकट नेणार नाही, सगळ्यांना मऊ ब्लँकेटं हवीत. तिकडे मात्र इंटरनेटवरून हातशिलाईला मागणी आहे. विकू का? 'विका' म्हणालीस की कामाला लागतो.

ब्लाउज शिवायला ठेवून घेतला की साडीवालं गिऱ्हाईक पुन्हा दुकानात येतंच, हे मी का लिहितोय कोण जाणे. असंच सुचलं.

मोरेश्वर


मालवण
२२ नोव्हेंबर २०२३

सरला,

'विका, मला काय त्याचं' असा तुझा निरोप मिळाला. त्यातलं 'विका' तेवढं घेतलं.

दसऱ्यानंतर ओरोसला परदेशी विक्रीच्या शिबिराला जाऊन आलो. गाडीत काजूवाले, कोकमवाले, आणि एक जण चक्क खाजा विकायला निघालेला. त्याला मी म्हटलं, "मेल्या, आंगणेवाडीच्या जत्रेतलो खाजो जर्मनीत पोचासर दगड होतलो." तो म्हणाला, "शेट, जत्रेत तरी खंय मऊ असता?" माणूस पुढे जाणार.

शिबिरातल्या बाई हुशार होत्या. निर्यातीचा नंबर कसा काढायचा, पोस्टातून पार्सल कसं जातं, सगळं समजावलं. शेवटी म्हणाल्या, "तिकडचं गिऱ्हाईक वस्तू विकत घेत नाही, वस्तूमागची गोष्ट घेतं." मला हसू आलं. मसुऱ्याच्या वाड्यांमधून सायकलवर साड्यांचं गाठोडं घेऊन फिरायचो तेव्हा दुसरं काय विकत होतो? 'ही मुंबैच्या शेठाणीन परत केली, तिच्या उंचीक कमी पडली!' शेठाणीही नव्हती आणि तिची उंचीही.

आपल्या नाक्यावर कॉम्प्युटरचं दुकान चालवते ती आकांक्षा आठवते ना, तिला कामाला धरलं. वेबसाइटवर दुकान मांडायचं, फोटो काढायचे, इंग्रजीत लिहायचं, सगळं तिच्याकडे. ती म्हणाली, "काका, काकूंचा गोधडी शिवतानाचा फोटो द्या. शिवणाऱ्या बाईचा चेहरा लागतो."

सगळी कपाटं पाहिली. तुझे फोटो ढीगभर सापडले, सगळे उभे, सगळे नव्या साडीत. न खपणारी साडी मी तुला नेसवायचो आणि जत्रेला न्यायचो. आठवड्यात बायका तीच मागत दुकानात यायच्या. पोपटी रंगाचा तो गठ्ठा आठवतो? दोन हंगाम अडलेला माल तू एका जत्रेत मोकळा केलास. मी आकांक्षाला अभिमानाने सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "आणि काकूंना कुठली साडी आवडायची?"

नेटवर्क गेलं होतं, म्हणून तो विषय तिथेच राहिला.

शिवतानाचा फोटो एकही नाही. शेवटी गोधडीवर तेरेझाचा हात ठेवून फोटो काढला. हात म्हणजे हात.

आणि तेरेझामुळेच गोष्ट सापडली. पहिली गोधडी अमेरिकेला निघाली, मी पुठ्ठ्याच्या खोक्यात भरत होतो, तर ही दारात. "खंय चलली ही?"

"अमेरिकेत."

"मगे हिच्या पोटाक तांदूळ खंय? सरलान माका काय शिकवल्यान हां? घरची गोधडी रिकामी, दूर जातली ती भरलेली. आणि तू तशीच धाडतंस? लाज नाय वाटणा?"

आकांक्षाला काही कळेना, तेव्हा तेरेझाने तुझ्याच शब्दांत सांगितलं. खारेपाटणच्या बंदरातून माणसं गलबतावर चढायची त्या काळापासूनची तुझ्या माहेरची चाल. गावाबाहेर जाणाऱ्यासाठी गोधडी शिवली की शेवटचा कोपरा बंद करण्याआधी त्यात चिमूटभर तांदूळ घालायचे. माणूस कुठेही पोचो, उपाशी राहू नये. घरात पांघरायच्या गोधडीचा कोपरा मात्र रिकामा ठेवायचा. घरचं माणूस घरीच जेवणार, त्याला शिदोरी कशाला?

आकांक्षाने तिथल्या तिथे ते इंग्रजीत लिहून काढलं. मी तेरेझाला ट्रंक उघडून दिली. ट्रंकेतल्या सगळ्या गोधड्या घरच्या म्हणून शिवलेल्या, पोटं रिकामी. तिने एकेक कोपरा उसवला, तांदूळ घातले, त्यावर तिच्या येशूचा खुरीस बोटाने काढला आणि शिवून टाकलं. तुझी चाल, तिचा खुरीस आणि माझं दुकान.

पोस्टाच्या कागदावर 'आत काय आहे' असा रकाना होता. मी 'सुती कापड' लिहिलं. तांदूळ हा काही माल नव्हे.

मोरेश्वर


मालवण
१९ जानेवारी २०२४

सरला,

ट्रंक रिकामी झाली, तळाशी एक उरलीय तेवढी! अमेरिका, जर्मनी, कॅनडा. आकांक्षाच्या फोनची टिंग वाजली की मी गल्ल्यावरून उठतो. एका जर्मन बाईने लिहिलंय, मुलगा शिकायला दूर चाललाय, त्याच्यासाठी घेतली, कोपरा चाचपून पाहिला आणि रडले. आकांक्षाने वाचून दाखवलं तेव्हा दुकानात कुडाळची दोन गिऱ्हाइकं होती. त्यांनी साड्या तशाच ठेवून विचारलं, "वयनीन शिवल्यानी?" मी म्हटलं, "मग कोणी?"

तुझं नाव सगळीकडे गेलंय. आता मुद्द्याचं. माल संपलाय आणि मागणी उभी आहे. तेरेझाचे टाके लांब पडतात, आणि गोधडीचा पन्हा तिला सारखा रुंद साधत नाही, एका बाजूला ओढ बसते. लोकांना तुझेच टाके हवेत. हे काम दुसऱ्या कोणाचं नव्हेच. तेव्हा तू यावंस, निदान हंगामापुरतं. अवनी आता रांगते, गौरजाचं बस्तान बसलंय. इथे माणसं खोळंबली आहेत, सरला. गिऱ्हाईक म्हणतोय मी.

एका बाईला वापरलेली, जुनी, विरलेली गोधडी हवी होती. आकांक्षाचा डोळा आपल्या खाटेवरच्या गोधडीवर गेला. मी म्हटलं, "ती विकायची नाही." ती म्हणाली, "काका, तुमच्या तोंडून हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं."

मी हे लिहायला घेण्याआधीच तुझा फोन आला, तोही तेरेझाला. परवा दुपारी दुकानातच ती फोन भिंतीला टेकवून बसली आणि तू तिकडून तिला टाके शिकवत होतीस. "गो, सुई आडवी धर. आडवी! मासो कापतंस तशी नको." आणि मग दोघी हसलात.

मी हिशेब लिहितोय असं दाखवत होतो. सरला, ते हसू मी कधी ऐकलेलं नव्हतं. तुझं हसू म्हणजे तोंडावर पदर आणि खांद्यांची हालचाल. हे मोकळं होतं, पोटातून आलेलं. मला वाटलं फोनवर दुसरीच कोणी बाई आहे.

तेरेझाचे टाके आता बरे पडायला लागलेत. म्हणजे फार काही बरे नाहीत.

मोरेश्वर


मालवण
८ मार्च २०२४

सरला,

घाईत लिहितोय, पत्र पोचेपर्यंत फोनवर सगळं झालेलंही असेल.

तुमच्या न्यूझीलंडची पहिली ऑर्डर आली म्हणून मी किती खूश होतो. तुमच्याच हॅमिल्टन गावातली बाई, मार्गारेट नावाची. ती गोधडी तिकडच्या तपासणीत अडकली. यंत्रात कोपऱ्यात दाणे दिसले. त्यांच्या देशात बाहेरचं धान्य, बी, माती काही चालत नाही, शेतीला रोग लागतो म्हणे. कागदावर 'सुती कापड' आणि पोटात तांदूळ, म्हणजे आम्ही लपवून धाडलं असा त्याचा अर्थ. आकांक्षा तर रडायलाच आली. "काका, मी वेबसाइटवर मोठ्या अक्षरात लिहिलंय हो, आत तांदूळ आहेत म्हणून!" जगाला सांगितलं आणि ज्यांना सांगायचं त्यांना सांगितलं नाही.

त्यांनी विचारलंय, जाळून टाकू, परत पाठवू, की तिथे कोणी येऊन देखरेखीखाली धान्य काढून देणार? गौरजाला नोकरीतून सुट्टी नाही. जावई सुशांतराव म्हणाले, जाळू दे, एका गोधडीचं काय एवढं.

ती तुझी आहे, सरला. ट्रंकेतली शेवटची. मला वाटतं तू जावंस. इंग्रजीची भीती बाळगू नकोस, बाजारात मी तरी कुठे गुजराती शिकून सुरतेला गेलो होतो.

मोरेश्वर


मालवण
१२ एप्रिल २०२४

सरला,

तू काहीच सांगितलं नाहीस. 'झालं काम' एवढंच. सगळं सुशांतरावांकडून काढून घ्यावं लागलं. जावईमाणूस, त्याला विचारताना मला मानपान सांभाळावा लागतो, पण दर वेळी थोडं थोडं ओढत गेलो.

तू एकटी बसने गेलीस म्हणे! मालवणात तुला बँकेत जायचं तरी मी स्कूटरवरून सोडायचो. तिथे अधिकाऱ्याने विचारलं, हे तांदूळ कशासाठी? आणि तू म्हणालीस, "लाँग गो. नो हंग्री." त्याने हातमोजे घातले होते, तो कोपरा उसवायला पुढे झाला, तर तू त्याचा हात बाजूला केलास. "नो. माय." स्वतः उसवलास, दाणा न् दाणा त्यांच्या पिशवीत झाडलास, आणि तिथेच उभ्याने कोपरा शिवून दिलास. मार्गारेटबाई गोधडी न्यायला आल्या होत्या, त्या बघतच राहिल्या.

मी हे दुकानात दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा तेरेझा म्हणाली, "मोरूभाव, हात बाजूक केल्यान ह्या तू सांगतंस, पण तोंड कित्याक पडलाहा?"

ऊन लागलं असेल.

त्या मार्गारेटबाईंनी तुला त्यांच्या सभागृहात दर मंगळवारी शिवण शिकवायला बोलावलंय, आणि तू हो म्हणालीस. छानच आहे. वेळ जाईल तुझा. बायका किती येतात, काय विचारतात, लिही कधीतरी. माझा नुसता धंद्याच्या दृष्टीने प्रश्न आहे.

इकडे आता तांदूळ बंद. आकांक्षा म्हणाली, धोका नको, कुठल्याच देशाला नको. तेरेझा कुरकुरली, पण ऐकलं तिने. आता सगळ्या गोधड्या पोट रिकामं ठेवून जातात, घरच्यासारख्या. अख्खं जग आपल्या घरचं झालं म्हणायचं.

यंदा जत्रेला मी एकटाच गेलो होतो, ते राहिलंच सांगायचं. भराडी देवीसमोर गाऱ्हाणं घालणाऱ्याने विचारलं, काय मागू? रांगेत मागे एवढी माणसं. मी म्हटलं, धंद्याला बरकत.

मोरेश्वर


मालवण
२८ जून २०२४

सरला,

मंगळवारी मुद्दाम फोन केला. म्हटलं, ऐकावं तरी. तू उचललास तेव्हा मागे बायकांचा गलका होता. कात्रीचा आवाज. कोणीतरी म्हणत होती, "सॅरा, सॅरा, लुक!" सॅरा म्हणजे तू हे कळायला मला वेळ लागला. तू म्हणालीस, "नंतर बोलू." आणि फोन बंद करताना कोणालातरी 'कमिंग, कमिंग' म्हणालीस. ते माझ्यासाठी नव्हतं.

सुशांतरावांच्या तोंडून निसटलं. 'आईंचे इथे कायमचं राहायचे कागद भरलेत, आता वाट बघायची.' मग त्यांना वाटलं मला माहीत असेल. मी म्हटलं, "हो हो, आमचं बोलणं झालंय." जावयाला खोटं पाडायचं नसतं.

म्हणून आता सरळ लिहितो. वाकडं लिहून पाहिलं, तू वाचलं नाहीस किंवा वाचून बाजूला ठेवलंस.

मला परदेशात माल विकायचा नव्हता, सरला. या वयात मला डॉलर काय करायचेत? माझं गणित साधं होतं. तू शिवलेलं विकायचं, मागणी वाढवायची, माल संपवायचा, म्हणजे शिवायला तुला यावं लागेल. गिऱ्हाइकाचा ब्लाउज शिवायला ठेवून घेतात तसं मी तुझं काम इकडे ठेवून घेतलं होतं. आयुष्यात माझा अंदाज एकदाही चुकला नाही. इथे मी माझ्या हाताने तुला गिऱ्हाईक शोधून दिलं, तुझं नाव तिकडे पोचवलं आणि तुला त्या कचेरीत पाठवलं. 'भीती बाळगू नकोस' हेही मीच लिहिलं होतं. आणि तू ऐकलंस! एवढ्या वर्षांत माझी नेमकी हीच गोष्ट ऐकायची होती?

तेरेझाला विचारलं, "तुका काय वाटता, ती येतली?"

ती सुई ओवत होती. म्हणाली, "तुमी भांडलास काय?"

"कधी? आवाज तरी ऐकलंस कधी?"

"नाय. तुझो ऐकलो," ती म्हणाली. "तिचो नाय ऐकलो."

मी पडद्यामागे जाऊन बसलो थोडा वेळ, तुझ्या मशीनच्या स्टुलावर. तिथून गल्ला दिसत नाही, पण गल्ल्यावरचं सगळं ऐकू येतं. गिऱ्हाईक आलं, आकांक्षा होती, तिने साड्या दाखवल्या. मला हे ठाऊकच नव्हतं, की तिथे बसलेल्या माणसाला दिवसभर फक्त माझा आवाज ऐकू येतो.

चतुर्थी सप्टेंबरात आहे. येणार का? 'बघूया' नको. काय ते एक सांग. मी व्यापारी माणूस आहे, 'नाही' मला कळतं.

मोरेश्वर


मालवण
२४ ऑगस्ट २०२४

सरला,

तुझं पार्सल मिळालं.

पोस्टमन म्हणाला, "शेट, धाडूची सवय तुमका, आज येवचा कसा काय?" सही करताना मला वाटलं, माल परत आला. आकांक्षाने कागद पाहिला. धाडणारी तू. ती म्हणाली, "काका, तुम्हीच उघडा," आणि कामाचं निमित्त काढून निघून गेली. शहाणी पोर आहे.

गोधडी बघताक्षणी कळलं. कापडातलं मला कळतं, तेवढंच कळतं. वरच्या पट्टीला पोपटी, दोन हंगाम अडलेली. तिच्या बाजूला वांगी, जिचा काठ कोणालाच आवडला नव्हता. मग ती राखाडी, मधे आंबा कलर, आणि कोपऱ्यात निळी, जी मी तुला गौरजाच्या साखरपुड्याला दिली. त्या आठवड्यात निळ्याचा नवा माल आला होता. जाताना बॅगेत भरून नेलेल्या सगळ्याच्या सगळ्या. एकही राहिली नसणार तुझ्याकडे. मी त्या हातांनी ओळखत गेलो आणि प्रत्येकीची तेव्हाची किंमत सांगू शकलो असतो. आकांक्षाने विचारलं होतं तसं कोणी विचारलं असतं, की यातली तुला आवडलेली कुठली, तर एकीवरही मला बोट ठेवता आलं नसतं.

टाके काय सुंदर आलेत. बारीक, सरळ, कुठे ओढ नाही.

चिठ्ठी शोधली. घडी उलगडून झटकली, खोका पालथा केला. चिठ्ठी नाही. मला वाटलं, बरंच आहे, नाही म्हटलेलं नाही. साड्यांची गोधडी केली म्हणजे आपल्याला घरात पांघरायला केली, थंडीच्या आत येईल, जुनी विरलीच आहे. बघ, किती भराभर जुळवलं मी. मग हात आपोआप शेवटच्या कोपऱ्याकडे गेला.

तांदूळ होते.

तिकडून निघताना कोणी अडवले नाहीत, इकडे येतानाही नाहीत. नीट कोपऱ्यात बसवलेले, वर दुहेरी टाका. बोटांखाली फिरत होते.

तेरेझाला दाखवली. तिनेही आधी कोपराच चाचपला. मग घडी नीट घातली. शेवटी म्हणाली, "तुका उपाशी ठेवूचा नाय तिका. तितक्या तरी बघ."

मी म्हटलं, "कोपरा उसव. तिने कचेरीत काढले तसे काढ, आणि शिवून टाक."

"मी नाय उसवचंय. घातलेले तांदूळ काढूचे नसतत. थंय सरकार होता म्हणान काढल्यान. हंय कोण सरकार आसा?"

कात्री माझ्याही हातात होती. मीही नाही उसवला.

इतके महिने मी समजत होतो की गेलीस तू, आणि घरात राहिलो मी. तू माझ्या गोधडीचं पोट भरून धाडलंस, म्हणजे तुझ्या हिशेबात दूर गेलेला मी आहे. त्यावर घासाघीस करत नाही. तू कधी एका शब्दानेही माझ्याशी घासाघीस केली नव्हतीस, दिलेली साडी नेसलीस.

यंदा गणपती नेहमीसारखाच आणणार. मोदकाच्या कळ्या तेरेझा शिकवणार आहे. म्हणते, तूच तिला शिकवल्या होत्यास. वयनी खंय, असं कोणी विचारलं तर म्हणेन, न्यूझीलंडात असते. शिवण शिकवते. तिकीट मिळालं नाही असं यंदा सांगणार नाही.

धंदा बंद करत नाही. तेरेझाने आणखी बायका जमवल्यात, पडद्यामागे जागा पुरत नाही, म्हणून पडदाच काढला. आता त्या बोलतात आणि मी ऐकतो. फार बोलतात गो! तुझ्या मंगळवारच्या बायकाही अशाच बोलत असतील.

या पत्रासोबत एक पार्सल धाडतोय. आपल्या खाटेवरची जुनी गोधडी, जी मी विकायची नाही म्हटलं होतं ती. विरलीय, पण धुऊन, कडक उन्हात वाळवून दिलीय, तिकडच्या तपासणीत अडायला नको. कागद भरताना आकांक्षाने विचारलं, "विक्री लिहू की भेट?" मी म्हटलं, "वापरलेली घरगुती वस्तू, असं लिही."

आणि हातात आल्यावर तू कोपरा चाचपशील, मला माहीत आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो. रिकामा आहे. तिकडे तांदूळ चालत नाहीत, तेवढंच कारण आहे.

तुझा,
मोरेश्वर